चाकोरी

कणकुंबीच्या वरच्या माळावर मी चाकोऱ्या मोजतो.
टेप बायकोच्या मशीनच्या खणातली,
एका टोकाला दीडशे, दुसऱ्या टोकाला तिचा राग.
दर सोमवारी. रविवारच्या जीपगाड्या
बेळगावला, पणजीला परत गेल्यावर.
वहीत लिहितो:
पाणथळीजवळ, बत्तीस सेंटिमीटर.
जुन्या खुंटापाशी, एकोणीस.
गेंद पांढराशुभ्र फुलला होता तिथं चौपन्न,
आणि टेप चिखलात.

खात्याचा रोजंदारी वॉचर मी, मष्णू नारू गावडा.
माळाचं एवढंच कळतं:
वर वीतभर माती, खाली जांभा, त्याच्याखाली काय ते देव जाणे.
ही वीत साठायला किती वर्षं लागली
हे हिरेमठ साहेबांनाही सांगता येत नाही,
आणि ते बी.एस्सी. आहेत.

गाड्यांना वाट दाखवतो माझाच भाचा, सोमनिंग.
फेरीला पाचशे रुपये, वर एक बिर्याणी.
म्हणाला, मामा, शहरातली माणसं ती,
जन्मभर चाकोरीत चालूलेत,
त्यास्नी चाकोरीबाहेरचं कायतरी पायजे की.
मी म्हटलं, अरे,
मग जातील तिथं नवी चाकोरी का पाडूलेत?
तो हसला. मीपण हसलो.
पाचशे रुपये मला दिवसाला मिळत नाहीत.

बोर्ड लावायचं ठरलं.
कानडी वर की मराठी वर,
अक्षर केवढं, रंग कुठला,
दोन मिटिंगा झाल्या, चहा वेगळा.
लागला तो एका रात्रीत काळा झाला.
दुसरा लागला. तोही.
(कुणी केलं ते मला ठाऊक आहे.
दोन्हीकडचे माझ्याच कळशीतलं पाणी पिऊन जातात.)
टायरला कानडी येत नाही.
मराठीही येत नाही.
तो काळ्या बोर्डाच्या शेजारून गेला,
नखाएवढ्या दवबिंदूवरून,
जो दिवसभर खपून एक चिलट धरतो.

उन्हाळ्यात टिटवीनं चार अंडी घातली होती.
दगडासारखी दिसावीत म्हणून दगडांत.
जीपवाल्याला ती दगडच दिसली.
तिचं काही चुकलं नव्हतं.
वहीत त्याला रकाना नव्हता,
मी मागच्या पानावर लिहिलं.

शेवटी दगडच कामाला आले.
जांभ्याचे, दोघांना न उचलणारे,
पहारीनं लोटत लोटत आणले,
देवळाला दिलेल्या चुन्यातला उरलेला चुना फासला.
माळाच्या कडेनं पांढरी रांग,
मधे एकच वाट मोकळी, जुन्या खाणीची,
जिथं मोडण्यासारखं आधीच काही उरलेलं नाही.
तोंडाशी सोमनिंग, पावतीबुक घेऊन.
पहिल्या रविवारी एकानं त्याला विचारलं,
यात मजा काय?
सोमनिंग म्हणाला, पावती घ्या, मग बघा.
दुसऱ्या रविवारी तीन दगड बाजूला सारलेले.
सोमवारी आम्ही ते परत लावले.
तिसऱ्या रविवारी दोन.
हिशोब सुधारूलाय, असं साहेबांना सांगितलं.

आता जुन्या खाचा भरायचा हुकूम आलाय.
फावडं घेऊन चौपन्नवाल्यापाशी गेलो.
साचलेल्या पाण्यात काहीतरी हललं.
वाकून बघितलं:
बेडकाची पिल्लं, शेकड्यानं,
कुणाला पाय फुटलेले, कुणी अजून नुसती शेपटी.
माळावर दुसरीकडं पाणी होतं,
ती इथंच आली. चाकानं केलेल्या तळ्यात.
साहेब म्हणाले, भरून टाक.
मी म्हटलं, साहेब, दसऱ्यापर्यंत थांबूया.
ते बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले,
मग गाडीत जाऊन बसले. गाडी वाटेवरच होती.

वहीत लिहिलं:
खोली, चौपन्न.
काम, बाकी.
शेरा: आत राहणारे आहेत.